टिमोथी गवत ‘आउट ऑफ स्टॉक’ झालं तर गिनीपिगला काय खायला द्यायचं?

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता लॉकडाऊनची घोषणा झाली आणि पुढच्या तासाभरात गल्लोगल्लीच्या किराणा दुकानांसमोर रांगा लागल्या. तेल, तांदूळ, डाळ, बिस्किटं, ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. घरात कुत्रं किंवा मांजर असलेल्यांनाही टेन्शन होतं, पण दही-भात, अंडं, उकडलेलं चिकन असं काहीतरी करून दिवस ढकलता येत होते. त्याच एप्रिल महिन्यात केरळ उच्च न्यायालयाने एका माणसाला त्याच्या मांजरांचं खाद्य आणण्यासाठी बाहेर पडायची परवानगी दिली, ती बातमी तेव्हा भरपूर शेअर झाली होती.

गिनीपिगवाल्यांची अडचण मात्र वेगळीच होती. या प्राण्याला भात चालत नाही, पोळी चालत नाही, दूध तर अजिबातच नाही. त्याला लागतं गवत, तेही दिवसभर आणि हवं तितकं. सोबत रोज ताजी भाजी. शहरातले बहुतेक लोक जे टिमोथी गवत विकत घेतात ते थंड हवामानात वाढतं आणि आपल्याकडे पाकिटातून मिळणारं बरंचसं परदेशातून येतं. म्हणजे जहाज अडकलं, गोदाम बंद पडलं किंवा कुरिअरवाला आला नाही, की पिंजऱ्यातली वाटी रिकामी.

असं फक्त लॉकडाऊनमध्येच होतं असं नाही. १ जून २०१७ ला पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात मुंबई-पुण्याकडे येणारा भाजीपाला आणि दूध अडलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी संप केला तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि मंडईतली आवक लगेच मंदावली. गिनीपिग नीट सांभाळला तर साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. एवढ्या काळात एक-दोनदा तरी असा आठवडा येणारच.

अशा वेळी घाबरून चुकीचं काहीतरी खाऊ घालण्यापेक्षा आपल्या आसपास काय मिळतं आणि त्यातलं काय चालतं हे आधीच माहिती असलेलं बरं.

आधी एक गोष्ट: हा प्राणी उपाशी राहू शकत नाही

नावात ‘पिग’ असलं तरी गिनीपिगचा डुकराशी काही संबंध नाही, आणि आफ्रिकेतल्या गिनी देशाशीही नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला. पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोर या भागातल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी पाळीव केलं. तिथे तो मांसासाठी पाळतात, हे ऐकून इकडच्या अनेक पालकांना धक्का बसतो. पण आपल्या विषयासाठी त्यातली कामाची गोष्ट अशी, की तिथल्या घरांमध्ये त्याला कुणी पाकिटातलं इम्पोर्टेड गवत देत नाही. आसपासचं हिरवं गवत, लसूणघास, मक्याची पानं आणि स्वयंपाकघरातली भाजीची देठं-सालं यावर तो पिढ्यान् पिढ्या जगत आलाय. पूर्व काँगोतही गरीब कुटुंबं गिनीपिग पाळतात आणि अशांततेच्या काळात घर सोडायची वेळ आली तर टोपलीत घालून सोबत नेतात. तिथेही खाद्य म्हणजे रानातलं गवत आणि भाजीचा पाला. थोडक्यात, गिनीपिगला ‘टिमोथी’च लागतं असं नाही. लागतं ते भरपूर तंतू असलेलं गवत.

का लागतं? त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे दात. गिनीपिगचे पुढचे आणि दाढेचे, सगळेच दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळताना जबडा आडवा-तिडवा फिरतो आणि दात झिजतात. गवत कमी पडलं की दाढा वाढतात, जिभेला किंवा गालाला टोचायला लागतात आणि मग प्राणी भूक असूनही खात नाही.

दुसरं कारण जास्त तातडीचं आहे. गिनीपिगचं आतडं सतत पुढे सरकत राहावं लागतं. त्याच्या पोटात तंतूंवर जगणाऱ्या उपयोगी जिवाणूंची वस्ती असते. काही तास पोटात काहीच गेलं नाही तर आतड्याची हालचाल मंदावते, गॅस धरतो, नको ते जिवाणू वाढतात. माणूस एक दिवस उपास करून दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खातो, तसं इथे चालत नाही. १२ तासांहून जास्त वेळ गिनीपिगने काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकणं थांबलं, तर ती इमर्जन्सी आहे असं समजायचं. ‘उद्या बघू’ म्हटलं तर उद्यापर्यंत उशीर झालेला असू शकतो.

माणसासारखाच एक कच्चा दुवा

१९०७ मध्ये नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख हे दोन संशोधक खलाशांना होणाऱ्या एका आजाराचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिगना फक्त धान्य आणि पाव खायला घातला. अपेक्षा होती बेरीबेरीची, पण गिनीपिगना झाला स्कर्व्ही. हिरड्या सुजल्या, सांधे दुखावले. कोबी किंवा लिंबाचा रस दिल्यावर ते बरे झाले. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, पण माणूस आणि गिनीपिग या दोघांना ते जमत नाही. ते दोघांनाही खाण्यातूनच मिळावं लागतं. पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला त्यात या छोट्या प्राण्याचा मोठा वाटा आहे. ‘प्रयोगासाठी गिनीपिग’ हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही.

टंचाईच्या दिवसांत याचा अर्थ असा: नुसत्या सुक्या गवतावर गिनीपिगचं पोट भरेल, पण साधारण दोन-तीन आठवड्यांत क जीवनसत्त्व कमी पडायला लागेल. केस विस्कटलेले, चालायला टाळाटाळ, उचललं की ओरडणं, सांधे सुजणं, लाळ गळणं ही त्याची लक्षणं. मोठ्या गिनीपिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. गाभण मादीला आणि आजारी प्राण्याला त्याहून जास्त.

म्हणजे टंचाईत दोनच गोष्टी आधी सोडवायच्या: गवत आणि क जीवनसत्त्व. पेलेट, ट्रीट, रंगीबेरंगी मिक्स हे सगळं त्यानंतर.

गवत कुठे मिळेल?

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी ही खरं तर तितकी अवघड गोष्ट नाही. फक्त पेट शॉपच्या बाहेर बघायची सवय लागते.

सगळ्यात सोपं आणि सुरक्षित म्हणजे हरळी, म्हणजेच दूर्वा. गणपतीच्या देवळाबाहेरच्या फुलवाल्यांकडे दूर्वांच्या जुड्या वर्षभर मिळतात, मंगळवारी आणि संकष्टीला तर ढिगाने. गिनीपिग ती आवडीने खातात. हळद-कुंकू किंवा गुलाल लागलेली, देवाला वाहून परत आलेली जुडी मात्र घ्यायची नाही. ताजी घ्यायची, नीट धुवायची, पाणी निथळू द्यायचं आणि मग द्यायची. जुड्यांवर दोन गिनीपिगचं रोजचं पोट भरणं खिशाला परवडणार नाही, पण पहिले दोन-तीन दिवस निभावायला हा उत्तम पर्याय आहे.

मोठ्या प्रमाणात हवं असेल तर देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बायकांकडे हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या असतात. त्यांना चारा पुरवणारा माणूस कोण, हे विचारून ठेवलं तर पुढची सोय होते. मुंबईत गोरेगाव, जोगेश्वरी, आरे या भागात तबेले आहेत. लहान शहरांत दूधवाल्याचा गोठा असतो. तिथे हिरवा आणि सुका असा दोन्ही चारा रोज येतो. जनावरांचा चारा हा अत्यावश्यक गोष्टींमध्ये मोडतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्येही केंद्राच्या नियमावलीत चाऱ्याच्या दुकानांना सूट होती. त्यामुळे पेट शॉपचं शटर खाली असतानाही चाऱ्याची गाडी येत असते. गोठेवाला एक-दोन पेंढ्यांचे पैसे घेईलच असंही नाही, फक्त ‘उंदरासाठी गवत पाहिजे’ असं ऐकून हसेल.

पण गोठ्यातलं सगळंच गिनीपिगला चालत नाही, आणि इथेच नीट लक्ष द्यायला हवं.

मक्याचा हिरवा चारा चालतो. पानं बारीक कापायची गरज नाही, उलट लांब पानं ओढत खाताना त्यांना मजा येते. पावसाळ्यात भुट्टेवाला कणसं सोलून सालं बाजूला टाकतो, तीही चालतात. बाहेरची मळकट सालं काढून टाकायची, आतली धुवून द्यायची. मारवेल, गिनी गवत ही चाऱ्याची गवतंही चांगली. (गिनी गवत हे नाव आणि गिनीपिग हा निव्वळ योगायोग. पण आफ्रिकेत गिनीपिगना हे गवत खरोखरच खायला घालतात.) हत्ती गवताची कोवळी पानं थोडी द्यायला हरकत नाही, जाड कांडं ते तसंही खात नाहीत.

लसूणघास गोठ्यात हमखास सापडते. ती पौष्टिक आहे, पण तिच्यात कॅल्शियम जास्त असतं. मोठ्या गिनीपिगला रोज पोटभर लसूणघास दिली तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती उपयोगी आहे. बाकीच्यांना दुसऱ्या गवतात मिसळून, मूठभर. आठ-दहा दिवसांच्या अडचणीत तीच एक मिळत असेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा ती द्यावी, सोबत पाणी भरपूर ठेवावं आणि दुसरं गवत मिळताच कमी करावी.

आता ज्वारी. कडवळ म्हणजे ज्वारीचा हिरवा चारा महाराष्ट्रात सगळीकडे मिळतो, पण कोवळ्या ज्वारीत आणि पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. पाचशे किलोच्या म्हशीला जे मारू शकतं ते एक किलोच्या प्राण्यावर आजमावून बघायचं कारण नाही. हिरवं कडवळ सरळ टाळायचं. याच कारणासाठी नवरात्रात घटाभोवती उगवलेलं धान्यही देऊ नये, कारण त्यात बऱ्याचदा ज्वारी मिसळलेली असते.

सुक्या चाऱ्यात भाताचा पेंढा सगळीकडे मिळतो. त्यात तंतू आहेत, पण पोषण फार कमी. पिंजऱ्यात अंथरायला छान, चघळायला ठीक. त्याच्यावर महिना काढायचा विचार करू नये. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास माळरानावरचं कापून वाळवलेलं गवत मिळतं ते कितीतरी चांगलं. विकत घेताना त्यात कुसळं आहेत का ते हाताने चाचपून पाहायचं. कुसळी गवताची टोकं सुईसारखी असतात. आपल्या पायजम्यातून आरपार जातात, तर गिनीपिगच्या डोळ्यांचं आणि तोंडाचं काय होईल!

दुष्काळी भागात पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करून तो गुरांना घालतात. मुरघास हा आंबवलेला चारासुद्धा अनेक गोठ्यांत असतो. या दोन्ही गोष्टी रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी आहेत, गिनीपिगसाठी नाहीत. म्हणून गोठ्यातून काही घेताना ‘याच्यावर काही मारलंय का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. सरकी पेंड, भुसा, कोंबड्यांचं खाद्य यांच्या वाट्यालाही जायचं नाही. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेली काही औषधं दुसऱ्या प्राण्यांना घातक ठरतात.

स्वतः गवत कापायचं असेल तर?

सोसायटीची बाग, कॉलेजचं मैदान, गावाकडचा बांध, कुठूनही चालेल, पण तिथे तणनाशक किंवा डासांचं औषध फवारलेलं नसावं. रस्त्याच्या कडेचं आणि कुत्री फिरवतात तिथलं गवत नको. विळ्याने किंवा कात्रीने कापलेलं गवत घ्यायचं. लॉनमोअरमधून निघालेला चुरा नको, तो चिरडलेला असतो, लगेच गरम होतो, आंबतो आणि पोट फुगवतो.

गवतासोबत काय येतंय तेही बघावं लागतं. गाजर गवत (काँग्रेस गवत), घाणेरी, धोत्रा, रुई, कण्हेर, एरंड यातलं एकही पान जुडीत चुकून आलं तरी सगळं परत निवडायचं. अळूचं पान हिरवंगार दिसतं, पण ते कच्चं खाल्लं की घशाला खाजतं हे आपल्याला माहिती आहेच.

उन्हाळ्यात जास्तीचं गवत मिळालं तर वाळवून ठेवता येतं. गच्चीत किंवा बाल्कनीत, थेट कडक उन्हापेक्षा सावलीत हवेशीर जागी पातळ पसरायचं, दिवसातून दोनदा उलटायचं. मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतं. मुठीत दाबल्यावर ओलसर लागलं तर अजून वाळलेलं नाही. ओलं गवत पिशवीत कोंबलं की दोन दिवसांत बुरशी.

जागा कमी असेल तर ट्रेमध्ये गहू पेरावेत. कोकोपीटवर किंवा मातीवर, रात्रभर भिजवलेले गहू पसरले की आठ-दहा दिवसांत कापण्याएवढी पाती येतात. दर तीन दिवसांनी एक ट्रे पेरला तर साखळी तुटत नाही. इन्स्टाग्रामवर याचे शेकडो रील आहेत. त्यात दाखवतात तेवढं हिरवंगार पहिल्या प्रयत्नात येत नाही, बुरशी लागलेला ट्रे एखादा फेकावा लागतोच.

भाजीवाल्याकडे काय मागायचं

क जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची हा सगळ्यात भरवशाचा पर्याय. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, लाल ढोबळीत त्याहून जास्त. म्हणजे एका गिनीपिगला रोज मिरचीच्या दोन-तीन पट्ट्या, १५-२० ग्रॅम, दिल्या तर किमान गरज भागते. एका मध्यम आकाराच्या ढोबळीत दोन प्राण्यांचे तीन-चार दिवस निघतात. फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून ठेवली तर ती आठवडाभर टिकते, पालेभाजी एवढी टिकत नाही.

ढोबळी मिळाली नाही किंवा शंभर-सव्वाशे रुपये किलो झाली, तर? पेरूमध्ये ढोबळीपेक्षाही कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, पण साखरही असते. बिया काढून छोटी फोड, आठवड्यातून दोन-तीनदा, बस. हिवाळ्यात बाजारात येणारा आवळा तर या बाबतीत राजाच. नखाएवढा तुकडा पुरतो, आणि आंबट चवीमुळे काही गिनीपिग त्याला तोंडही लावत नाहीत. आवळा कँडी किंवा आवळा सुपारी म्हणजे आवळा नव्हे, त्यात साखर-मीठच जास्त.

कोथिंबीर आपल्याकडे भाजीसोबत फुकट मिळायची, आता तेवढी मिळत नाही, पण टंचाईतही तिची जुडी कुठेतरी दिसतेच. रोज चार-सहा काड्या द्यायला हरकत नाही. मेथीची थोडी पानं चालतात. मुळ्याचा पाला चालतो. फ्लॉवरची हिरवी पानं भाजीवाले तोडून ढिगात टाकतात, त्यांच्यातही चांगलं क जीवनसत्त्व असतं. एक-दोन पानं मागून घ्यायची, कीटकनाशकं जावीत म्हणून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवायची. शेवग्याचा पाला पौष्टिक, पण कॅल्शियममुळे थोडाच. पालक, लाल माठ, बीटचा पाला यात ऑक्झलेट असतं, म्हणून रोज नको. कोबीने काहींना गॅस होतो, त्यामुळे एखादं पान. काकडी आणि दुधी म्हणजे बहुतेक पाणीच. उन्हाळ्यात बऱ्या, पण त्यावर पोट भरलं असं समजू नये. गाजर गोड असतं, त्यामुळे एक-दोन चकत्या.

भाजी मिळणंच बंद झालं तर औषधाच्या दुकानातली क जीवनसत्त्वाची गोळी कामाला येते. ५०० मिलिग्रॅमची गोळी पूर्ण बारीक करून २० मिलिलिटर पाण्यात विरघळवली, तर एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम येतं. सुई नसलेल्या सिरिंजने एक मिलिलिटर तोंडाच्या कडेने हळूहळू द्यायचं. हे पाणी रोज ताजं करायचं. बहुतेक चघळायच्या गोळ्यांत साखर आणि रंग असतो, त्यामुळे ही सोय काही दिवसांपुरतीच, आणि शक्यतो डॉक्टरांना फोनवर विचारून. मल्टिव्हिटॅमिनची गोळी देऊ नये, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होऊन त्रास होऊ शकतो. गोळी पिण्याच्या बाटलीत टाकणंही बरोबर नाही. उजेडात क जीवनसत्त्व लवकर निकामी होतं आणि चव बदलली म्हणून काही गिनीपिग पाणी पिणंच सोडतात. मग एक संकट टाळताना दुसरं उभं राहतं.

पेलेट संपले तर?

तर फारसं काही बिघडत नाही. गवत आणि भाजी व्यवस्थित असेल तर मोठा, निरोगी गिनीपिग पेलेटशिवाय काही आठवडे आरामात राहू शकतो. उलट अनेक घरांत पेलेट गरजेपेक्षा जास्तच दिले जातात. एका प्राण्याला दिवसाला एक-दोन चमचे पुरतात.

सशाचे पेलेट मिळत असतील तर तात्पुरते चालतात, पण ससा स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतः तयार करतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घातलेलं नसतं. म्हणजे भाजी किंवा गोळी सोबत हवीच. पाकिटावर औषध मिसळल्याचा उल्लेख असेल तर ते घ्यायचं नाही. हॅमस्टर किंवा पोपटाचं बियांचं मिक्सही नको.

आणि पेलेटचा साठा करताना तारीख बघायची. त्यातलं क जीवनसत्त्व दिवसेंदिवस कमी होत जातं. ऑफरमध्ये मिळालं म्हणून वर्षभराचं पोतं आणून ठेवलं, तर सहाव्या महिन्यात त्यात पोट भरण्यापलीकडे फार काही उरलेलं नसतं. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्यावं.

घरातलं ‘थोडंसं’ देण्याचा मोह

टंचाईत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आजीला वाटतं, बिचारा ओरडतोय, पोळीचा तुकडा दे. पोळी, पाव, भात, बिस्किट यातल्या स्टार्चने आतड्यातले जिवाणू बिघडतात आणि पोट फुगतं. दूध, दही, पनीर पचत नाही. कांदा आणि लसूण विषारी आहेत, त्यांची पातही. बटाटा, त्यातही हिरवा पडलेला किंवा मोड आलेला, अजिबात नको. टोमॅटोची लाल फोड चालते, पण त्याची पानं आणि देठ नको. कच्चा राजमा आणि तशी कडधान्यं नको. लोणचं, फरसाण, चॉकलेट याबद्दल वेगळं सांगायला नको, तरीही घरात लहान मुलं असतील तर पिंजऱ्यावर कागद चिकटवून ठेवणं शहाणपणाचं.

खाद्य अचानक बदलणंही टाळायचं. आज टिमोथी आणि उद्या शंभर टक्के हिरवा मका असं केलं तर जुलाब लागतील. जुनं गवत पूर्ण संपायची वाट न पाहता, निम्मं उरलं असतानाच नवं त्यात मिसळायला सुरुवात करायची आणि आठवडाभरात प्रमाण वाढवत न्यायचं. काही गिनीपिग नवीन गवताला दोन दिवस हातही लावत नाहीत. वर्षभर एकाच ब्रँडचं गवत खाल्लेल्यांचे नखरे तर विचारायलाच नको. म्हणून चांगल्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दूर्वा, एकदा मक्याचं पान अशी ओळख करून ठेवली तर अडचणीत ते उपाशी बसत नाहीत.

साठा किती आणि कुठे

सांडलवंड धरून एका गिनीपिगला महिन्याला साधारण दीड ते दोन किलो सुकं गवत लागतं. हे प्राणी जोडीने ठेवतात, म्हणजे घराला तीन-चार किलो. मे संपायच्या आत एका महिन्याचं गवत जास्तीचं घरात असावं, कारण जून ते सप्टेंबरमध्ये रस्ते, कुरिअर आणि भाजीपाला या तिन्हींचा भरवसा नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांना स्वतःच्या घरी पोहोचता आलं नव्हतं.

साठवण हा मुंबई-कोकणातला खरा प्रश्न आहे. गवत हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवलं की आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बुरशी येते. सुती पिशवी, स्वच्छ गोणपाट किंवा भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका बरा. जमिनीवर न ठेवता स्टुलावर किंवा माळ्यावर, भिंतीला न चिकटवता. आठवड्यातून एकदा हात घालून वास घ्यायचा. चांगल्या गवताला गोडसर वास येतो. कुबट वास, पांढरी-काळी पूड, ओलसर गुठळी दिसली की तो भाग आणि त्याच्या आसपासचा भाग फेकायचा. महाग होतं म्हणून झटकून देऊ नये, बुरशीने फुप्फुसांचा आजार होतो.

पाणी विसरायचं नाही. एक किलोच्या प्राण्याला दिवसाला १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं, सुकं गवत जास्त खात असेल तर आणखी. पुराच्या दिवसांत माणसं उकळून पितात तेच पाणी गार करून त्यालाही द्यायचं.

वजनकाटा

स्वयंपाकघरातला पाचशे-सहाशे रुपयांचा डिजिटल काटा टंचाईत सगळ्यात उपयोगी वस्तू ठरतो. गिनीपिग शिकार होणारा प्राणी आहे, आजार लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. तो खातोय असं दिसतं, प्रत्यक्षात गवत फक्त इकडचं तिकडे करत असतो. एरवी आठवड्यातून एकदा आणि खाद्य बदललं असेल तेव्हा रोज, ठरावीक वेळी, टोपलीत बसवून वजन घ्यायचं आणि फोनमध्ये लिहून ठेवायचं. ३०-४० ग्रॅम इकडे-तिकडे होतंच. ५० ग्रॅमपेक्षा जास्त घट दिसली तर काय कमी पडतंय ते शोधायचं. १०० ग्रॅमच्या आसपास घट झाली तर डॉक्टर.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत प्राणी खात नसेल, तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करून सिरिंजने थोडी थोडी भरवता येते. उताणा करून नव्हे, बसलेल्या स्थितीत आणि प्रत्येक घोट गिळल्यावरच पुढचा. पोट टणक फुगलेलं असेल तर मात्र भरवायचं नाही, आधी फोन करायचा. घरातली अँटिबायोटिक गोळी तर कधीच द्यायची नाही. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्याने प्राणी दगावू शकतो.

आपल्याकडच्या अनेक पशुवैद्यांकडे प्रामुख्याने कुत्री-मांजरी आणि गुरं येतात. त्यामुळे आपल्या शहरात गिनीपिग, ससे तपासणारा डॉक्टर कोण, त्याचा नंबर काय आणि रस्ते बंद असतील तर तो व्हिडिओ कॉलवर बघतो का, हे आजच विचारून गवताच्या खोक्यावर लिहून ठेवावं.